पुतळी, रामटंका आणि खोटा सन

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं सकाळीं आमच्या कारेगांवांतील एक शेतकरी गृहस्थ माझ्या ओसरीवर येऊन बसले. शाळेंत ते माझे विद्यार्थी होते. आतां वय चाळिशीच्या पुढें गेलें आहे. पिकापाण्याचें बोलणें झाल्यावर त्यांनीं बंडीच्या खिशांतून एक पुरचुंडी काढिली, ती सोडून हळदकुंकवानें माखलेली एक पितळी चकती माझ्या हातावर ठेविली आणि म्हटलें, "गुरुजी, हें नाणें केवढ्याचें असेल तें सांगा." चकती जुन्या चांदीच्या रुपयाहून मोठी व जाड होती. एका अंगास सिंहासनावर राम व सीता, भोंवतीं तिघे बंधु, पायाशीं मारुति. दुसऱ्या अंगास इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, अर्धा आणा हें मूल्य आणि सन १८१८. मीं विचारिलें, "ही कोठें मिळाली?" त्यावर ते बराच वेळ बोलले नाहींत. पुढें जें सांगितलें तें योग्य स्थळीं येईल.

अशा चकत्या आज इतक्या पसरल्या आहेत कीं जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या पुष्कळांच्या पेटींत एखादी तरी सांपडावी. कोणी तिला दुर्मिळ नाणें म्हणून मखमलींत ठेवितो, कोणी खोटें नाणें म्हणून फेंकून देतो. माझ्या मतें दोघांचेंही चुकतें. देव्हाऱ्यांत पुजल्या जाणाऱ्या, गळ्यांत घातल्या जाणाऱ्या, शुभ म्हणून जवळ बाळगल्या जाणाऱ्या मुद्रांचा एक निराळा वर्ग आहे. त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्या वर्गांत सनाचा आंकडा हा पुरावा नसून चित्राचा एक भाग असतो. एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम १८१८. हा सन आमच्या तालुक्यांतील पोरालाही पाठ असतो. त्या वर्षीं १ जानेवारीस जेथें लढाई झाली तें भीमेकांठचें कोरेगांव आमच्याच शिरूर तालुक्यांत, पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे (आम्ही त्यास अजून नगर रस्ताच म्हणतों); त्याच वर्षीं पेशवाई संपली. तेव्हां ह्या रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूच्या कशांत कोणतें नाणें असे? चांदींत अंकुशी रुपया, चांदवडी रुपया व त्यांचे भाऊबंद; तांब्यांत शिवराई. पेशवाईनंतर इंग्रजांनींही पुण्याचा अंकुशी रुपया कांहीं वर्षें चालूच ठेविला, कारण रयत ती छाप ओळखत होती. कंपनीचीं मुंबई इलाख्यांतील तांब्याचीं नाणीं अर्थात् होतीं. १७९१, १७९४ व १८०४ ह्या सनांचीं, बर्मिंगहॅम येथें यंत्रावर पाडलेलीं, तराजूच्या छापेचीं नाणीं अद्याप जुन्या बाजारांत मिळतात. तराजूच्या पारड्यांमध्यें ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द फारशी लिपींत आहे. देव त्यांवर नाहीं. साऱ्या मुलुखास एकच चलन १८३५ च्या कायद्यानें आलें, आणि त्या व्यवस्थेंतील कंपनीचा अर्धा आणा १८३५ व १८४५ ह्या सनांचा, तांब्याचा, २०० ग्रेन म्हणजे सुमारें १३ ग्रॅम वजनाचा आहे. त्यावर कंपनीचें राजचिन्ह आहे. राम त्यावरही नाहीं.

ह्याच चकतीचीं भावंडें १६१६, १७१७ व १८३९ हे सन घालूनही मिळतात. १६१६ सालीं दिल्लीच्या गादीवर जहांगीर होता व कंपनीची सुरतेची वखार जेमतेम तीन वर्षांची होती. तिनें तेव्हां रामाच्या छापेचा अर्धा आणा पाडला असें मानण्यास विलक्षण श्रद्धा पाहिजे. १६१६, १७१७, १८१८ ही आंकड्यांची जुळणीच बनविणाऱ्याची करामत उघडी करते. तथापि रामाचीं खरीं नाणीं नाहींतच असें नव्हे. अकबरानें इलाही ५० व्या वर्षीं, म्हणजे १६०४–०५ च्या सुमारास, धनुर्धारी पुरुष व त्याच्या मागें पदर सांवरणारी स्त्री अशा आकृतीची सोन्याची अर्धी मोहोर पाडली. तिच्या एका नमुन्यावर नागरींत ‘राम सीय’ अशीं अक्षरें आहेत. विजयनगरच्या अरवीडु घराण्यांतील तिरुमलरायाच्या होनावर राम-सीता बसलेले असून लक्ष्मण उभा आहे. हीं नाणीं राजांनीं पाडलीं व बाजारांत चाललीं.

मग पितळी चकतीवर राम-पंचायतन आलें कोठून? तें रामटंकेवरून आलें. ‘टंक’ शब्द संस्कृतांत छिन्नी व मुद्रा ह्या दोन्ही अर्थीं येतो; आपली टांकसाळ त्याच कुळांतील. रामटंका सोन्याची, चांदीची, पुष्कळ वेळां पितळेची असते. एका अंगास दरबार, दुसऱ्या अंगास धनुष्यबाण घेऊन निघालेले राम-लक्ष्मण, भोंवतीं राम, लक्ष्मण, जानकी व हनुमान यांच्या जयजयकाराचीं नागरी अक्षरें, तीं ठशामागून ठसा उतरतां उतरतां इतकीं मोडलेलीं कीं ठाऊक असेल त्यासच वाचतां यावीं. कांहींवर आंकड्यांचें यंत्र असतें. ती तीर्थक्षेत्रीं विकत मिळे, यात्रेहून परतणारा घरीं घेऊन येई, देव्हाऱ्यांत किंवा पेढीच्या तिजोरींत तिची पूजा होई. ती देऊन कोणी मीठही विकत घेतलें नसेल, व घ्यावें अशी बनविणाऱ्याची अपेक्षाही नव्हती. अमेरिकेंत आयरीन ब्रॉटमन ह्या बाईंनीं १९७० सालीं ह्या देवमुद्रांची एक मार्गदर्शिका छापिली. १९९८ सालीं मायकेल मिचनर यांनीं हिंदुस्थानांतील धार्मिक व लौकिक टोकनांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माझ्या परिचयाच्या संग्राहकांच्या याद्यांत मात्र ह्या मुद्रांसाठीं निराळा रकाना मला अजून आढळला नाहीं; त्या ‘संकीर्ण’ ह्या सदरांत पडलेल्या असतात, आणि संकीर्ण म्हणजे न पाहिलेलें, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

पुष्कळ रामटंकांवर संवत् १७४० असतें. तें इ. स. १६८३–८४ होतें. त्यावरून ती मुद्रा औरंगजेबाच्या काळची असें लिहिलेलें मीं वाचलें आहे. परंतु जी मुद्रा शेंकडों निरनिराळ्या ठशांतून, निरनिराळ्या हातांनीं, पिढ्यानुपिढ्या निघाली व जिच्यावर दर वेळीं संवत् १७४० च राहिलें, तिच्या कालाविषयीं तो आंकडा कांहीं सांगत नाहीं. एखाद्या आदिमुद्रेवर तो खरा असेलही. पुढें तो मारुतीच्या शेंपटासारखा आकृतीचा अवयव झाला.

पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. पोथी उतरून घेणारा लेखक पुष्कळदां मूळ प्रतीची पुष्पिका शकासह तशीच उतरतो, आणि कागद व वळण शंभर वर्षें अलीकडचें दिसत असतां शक मात्र जुना राहतो. त्या लेखकास आपण ठक म्हणत नाहीं. राजाच्या नाण्यांतही हें घडलें आहे. कंपनीनें बंगालचा सिक्का रुपया शाह आलमाच्या नांवानें व त्याचें १९ वें राज्यवर्ष घालून १७९३ पासून १८३५ पर्यंत पाडला. शाह आलम १८०६ सालीं वारला. रुपयावर त्याचें १९ वें वर्ष चालूच राहिलें. कारण व्यवहारी होतें: वर्ष जुनें झालें कीं सराफ बट्टा कापीत, वर्षच गोठवून टाकल्यावर बट्ट्यास निमित्त उरलें नाहीं.

ह्याहून कितीतरी जुनें उदाहरण मिसर देशाचें आहे. शेणाची गोळी लोटणाऱ्या किड्याच्या आकाराच्या लहान मुद्रा तेथें शिक्का व ताईत ह्या दोन्ही उपयोगांस करीत. तिसरा थुत्मोस हा पराक्रमी राजा इ. स. पू. १४२५ च्या सुमारास मरण पावला. त्याचें ‘मेन्खेपेर्रे’ हें राजनाम कोरलेल्या मुद्रा त्यानंतर कित्येक शतकें बनत होत्या, कारण तें नांव शुभ ठरलें होतें. अशी मुद्रा हातीं आली म्हणून ती थुत्मोसाच्या काळची, असें मिसरवेत्ते केवळ नांवावरून म्हणत नाहींत.

मिसरचें नांव निघालेंच आहे, तर तेथूनच पुतळीकडे वळणें सोईचें. कारण पुतळी प्रथम मिसरमार्गेंच आपल्याकडे आली. पुतळी हा शब्द संस्कृत पुत्तलिकेचा. अर्थ बाहुली, आकृति. ज्या सोन्याच्या नाण्यावर माणूस, ती पुतळी. हें नाणें मूळचें व्हेनिसचें डुकाट. १२८४ सालीं, जोव्हान्नी दांदोलो हा तेथील डोजे म्हणजे निवडलेला अधिपति असतांना, तें प्रथम पाडलें गेलें, आणि १७९७ सालीं नेपोलियननें तें राज्य बुडवीपर्यंत त्याची छाप, वजन व कस यांत जवळजवळ फरक पडला नाहीं. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम. सोनें त्या काळच्या कलेस साधेल तितकें शुद्ध. एका अंगास संत मार्क उभा असून गुडघे टेकलेल्या डोजेच्या हातीं ध्वज देत आहे. दुसऱ्या अंगास ताऱ्यांनीं भरलेल्या लंबगोल प्रभावळींत ख्रिस्त. सन कोठेंही नाहीं. काल ठरवावयाचा तो डोजेच्या नांवावरून.

व्हेनिसचे व्यापारी मिरीं व मसाले घेण्यास हें सोनें अलेक्झांड्रियास आणीत. तेथून कैरो व तांबडा समुद्र ह्या वाटेनें तें चौल, दाभोळ, कालिकत अशा बंदरांस पोंचे. मिसरच्या बाजारांत ह्या परक्या नाण्याचें प्रस्थ इतकें माजलें कीं १४२५ सालीं सुलतान अल्-अश्रफ बार्सबाय यानें त्याच्याच जवळपासच्या वजनाचें आपलें सोन्याचें नाणें काढिलें. सुलतानाच्या बिरुदावरून तें अश्रफी झालें. आजीच्या गोष्टींतील राजा ज्या अशरफींची थैली बक्षीस देतो, त्या अशरफींचें कुलनाम असें मिसरच्या एका सुलतानाचें आहे. गोंव्यांत पोर्तुगीजांच्या हिशेबांत जें ‘शेराफिं’ येतें तेंही त्याच शब्दाचें रूप. शब्द आला, पण बार्सबायचें नाणें आमच्या बायकांच्या गळ्यांत आलें नाहीं, व्हेनिसचें आलें. मला ह्याचें कारण साधें वाटतें. अश्रफीवर नुसतीं अक्षरें होतीं. पुतळीवर माणसें होतीं, त्यांतील एक उभें व एक पायांशीं बसलेलें, आणि मागील अंगास प्रभावळींतला देव. ह्यांत परकें काय उरलें?

मागणी व्हेनिसच्या राज्याहून अधिक काळ टिकली, व ती येथील सोनारांनीं भागविली. त्यांच्या हातीं लॅटिन अक्षरांच्या उभ्या काड्या झाल्या, संताचा झगा लुगड्यासारखा दिसूं लागला, ध्वजाची काठी समई अथवा झाड झाली. दक्षिणेंत त्या काठीस माड व त्या मनुष्यास माडावर चढणारा ताडीवाला समजून नाण्यालाच ‘शाणार काशु’ म्हणूं लागले. आमच्या भागांतील ज्या बायांना मीं विचारिलें त्यांपैकीं कोणी ती लक्ष्मी म्हणाली, कोणी राम-सीता. आजच्या पुतळीहारांतील पातळ पत्र्याच्या पुतळ्या ह्याच परंपरेच्या टोकास आहेत.

हा प्रकार व्हेनिसपासून सुरू झाला असेंही नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसरमधील एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्राच्या प्रवासाचें जें टिपण लिहिलें, त्यांत बेरेनिके व म्युओस होर्मोस ह्या मिसरी बंदरांतून निघणारीं जहाजें आपल्या किनाऱ्यास लागत असल्याचें सांगून पैठण व तगर ह्या आंतील पेठांचीं नांवें दिलीं आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेथें, आणि तेलंगणांतील कोंडापूर येथें, रोमन बादशहाच्या नाण्याची मातींत उठविलेली प्रतिकृति, दोऱ्यांत ओंवण्यास भोंक किंवा कडी असलेली, सांपडली आहे. ज्यास सोन्याचें परवडत नव्हतें त्यानें बादशहाचें डोकें मातींत घडवून गळ्यांत घातलें. वेदांत निष्क हा गळ्यांतलाच अलंकार आहे, ‘निष्कग्रीव’ हें विशेषण ऋग्वेदांत येतें. पुढें पाणिनीच्या काळीं त्याच शब्दानें किंमत मोजूं लागले. निष्क गळ्यांतून बाजारांत गेला, पुतळी बाजारांतून गळ्यांत आली.

थोडें विषयांतर होतें, पण माझ्या घरची एक मुद्रा येथें नोंदविल्यावांचून राहवत नाहीं. माझा पुतण्या आखातांत नोकरीस असतो. एकदां परततांना तो कैरोस उतरला व तेथील बाजारांतून एक पिंवळी शुभमुद्रा घेऊन आला. तिच्यावर डोक्यास पट्टेदार वस्त्र बांधलेला व कपाळावर नागाचा फणा असलेला फारो आहे, मागील अंगास तोच शेणकिडा. १९२२ च्या नोव्हेंबरांत हॉवर्ड कार्टर यांनीं तुतानखामेनची कबर शोधून काढिल्यापासून ह्या चेहऱ्याचें वेड जगभर पसरलें, तें अद्याप ओसरलेलें नाहीं. प्राचीन मिसरी लोक राजाचें नांव एका लंबगोल चौकटींत लिहीत. ह्या मुद्रेवर चौकट आहे, आंत नांव नाहीं. घेणारास त्याची गरज नसावी. माझ्या पत्नीनें फणा पाहिला आणि ती नागपंचमीस इतर नाण्यांबरोबर पुजली. तेव्हांपासून ती देव्हाऱ्यांत आहे, रांजणगांवच्या महागणपतीच्या तसबिरीशेजारीं. मीं प्रथम हरकत घेतली होती. मग माझ्या ध्यानीं आलें कीं संत मार्काची लक्ष्मी जशी झाली, तशीच ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत आहे. आणि मीं तारीख टिपून ठेविली.

आतां त्या शेतकरी गृहस्थांची हकीकत. औद्योगिक वसाहत आल्यापासून आमच्या भागांत जमिनीचा पैसा आला आणि त्याच्या वासानें नाना प्रकारचे लोकही आले. दोन अनोळखी इसमांनीं त्यांस बाजाराच्या दिवशीं गांठून ही चकती दाखविली. सांगितलें कीं रामाची छाप असलेलें कंपनीचें हें नाणें विजेच्या तडाख्यांतून वांचलेलें असून त्यांत अद्भुत शक्ति आहे, एक परदेशी संस्था त्यास कोटि रुपये देते, तूर्त दीड लाख द्या व वाटेकरी व्हा. प्रत्ययासाठीं त्यांनीं ताटांत तांदूळ पसरून चकती जवळ नेली, आणि दाणे सरसर तिच्याकडे ओढले गेले. ही युक्ति वृत्तपत्रांत अनेकदां उघडकीस आली आहे: दाण्यांस आधींच लोहचूर्ण लावलेलें असतें व चकतीआड लोहचुंबक दडविलेलें असतें. परदेशी गिऱ्हाइकाची कथा तर त्याहून पोकळ, कारण शंभर वर्षांहून जुनें नाणें खाजगी मनुष्यानें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें बंदी आहे. पण हें सर्व मागाहूनचें शहाणपण. त्यांनीं घरांतील पुतळीहार सराफाकडे गहाण ठेवून रक्कम दिली होती. हार सासूचा, सुनेस मिळालेला. तिला सांगितलें होतें कीं गांठविण्यास दिला आहे.

मीं चकती वजन करून पाहिली, पुस्तकांतील चित्रें दाखविलीं, १८३५ चा माझ्याजवळचा खरा अर्धा आणा त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं दोन्ही नाणीं दोन तळहातांवर धरून पाहिलीं व म्हणाले, "म्हणजे देवाचें खोटें आणि साहेबाचें खरें?" ह्याचें उत्तर मला तत्काळ सुचलें नाहीं. कौटिल्यानें नाणीं पारखणारास रूपदर्शक व खोटीं पाडणारास कूटरूपकारक म्हटलें आहे. ज्या कारागिरानें ही चकती देवमुद्रा म्हणून ओतली व पांचपन्नास रुपयांस विकली तो कूटरूपकारक नव्हे. तिला नाणें म्हणून दीड लाखांस विकणारा तो खरा. आणि तिला ‘कंपनीचें रामनाणें, १८१८’ अशी चिठ्ठी लावून प्रदर्शनांत मांडणारा संग्राहक त्याला नकळत साक्षीदार पुरवितो. असें प्रदर्शन मीं पाहिलें आहे, व त्या वेळीं भिडेनें गप्प राहिलों आहें, हें येथें लिहिलें पाहिजे.

पोलिसांकडे जाण्यास ते लाजले. कांद्याचे पैसे आल्यावर फाल्गुनांत हार सोडविण्यास गेले तेव्हां मला बरोबर नेलें. सराफाच्या चिठ्ठीवर ‘पुतळ्या १८’ व वजन, एवढेंच होतें. त्याच्या दृष्टीनें तें योग्यच. मीं भिंग लावून एकेक पाहूं लागलों. सतरा येथल्या सोनारांच्या, काड्यांच्या अक्षरांच्या. मधली, पदकाजवळची, जराशी जड. तिच्यावर संताच्या पाठीशीं अक्षरें स्वच्छ लागलीं, व डोजेच्या मागें ‘आलॉय. मोचेनि.’ इतकें वाचतां आलें. आल्व्हीझे मोचेनिगो ह्या नांवाचे तीन डोजे अठराव्या शतकांत झाले: एक १७०० ते १७०९, दुसरा १७२२ ते १७३२, तिसरा १७६३ ते १७७८. ह्यांपैकीं कोणाची, हें अधिक चांगल्या ठशावरून व तज्ज्ञाकडून ठरेल. म्हणजे ज्या घरानें सन घातलेल्या पितळेसाठीं हार गहाण टाकिला, त्या घरांत पेशव्यांच्या अमदानींतलें, सन नसलेलें, खरें नाणें तीन पिढ्या तरी गळ्यांत होतें.

मीं सुचविलें कीं ही एक निराळी काढून जपून ठेवावी. बाई म्हणाल्या, "काढली तर हार सतराचा होईल." हार अठराचाच राहिला आहे. मीं कागदावर पेन्सिलीनें दोन्ही अंगांचा ठसा उतरून घेतला व वजन सराफाच्या कांट्यावर हारासकट घ्यावें लागल्यामुळें तो रकाना कोरा ठेविला.

माझ्या वहींत ह्या वर्गासाठीं आतां निराळीं पानें आहेत. प्रत्येक मुद्रेस धातु, वजन, व्यास, भोंक अथवा कडी, दोन्ही अंगांचा ठसा, मुद्रेवरील सन (असल्यास ‘चित्रांतील सन’ ह्या मथळ्याखालीं), ती कोणत्या घरीं कोठें ठेवितात, घरचीं माणसें तिला काय म्हणतात व आकृति कोणाची समजतात, आणि ती कोठून आली, इतके रकाने केले आहेत. शेवटले तीन मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण वस्तु देव्हाऱ्यांतून सराफाच्या वाटेनें आपल्या पेटींत आली कीं तेच प्रथम नाहींसे होतात. आजवर ३७ मुद्रा नोंदल्या. त्यांत रामटंका ११, पुतळ्या २२ (वरील हारांतील १८ धरून), कंपनीच्या नांवाच्या पितळी चकत्या ३ आणि मिसरी शुभमुद्रा १. ज्या वाचकांच्या संग्रहीं किंवा घरीं अशा मुद्रा असतील त्यांनीं मूळ वस्तु जागची न हलवितां नुसता पेन्सिलीचा ठसा व वरील रकान्यांची माहिती मंडळाच्या पत्त्यावर पाठविल्यास फार उपकार होतील. विशेषतः संवत् १७४० खेरीज दुसरा संवत् असलेली रामटंका, व ज्या पुतळीवर डोजेचें नांव वाचतां येतें अशी पुतळी, ह्यांचे ठसे मला हवे आहेत.